अठरावं वर्ष, त्र्याहत्तर सामने

२८ जून २०२१, कोपनहेगन. युरो स्पर्धेची बाद फेरी, स्पेनसमोर क्रोएशिया. सामन्याला वीस मिनिटं झाली असतील. स्पेनच्या पेद्रीनं मैदानाच्या मध्याजवळून आपल्याच गोलरक्षकाकडे चेंडू मागे दिला. अगदी रोजचा पास. गोलरक्षक उनाय सिमोननं चेंडू अडवायला पाय पुढे केला, ऐन वेळी चेंडूनं हलकी उसळी घेतली आणि बुटाला चाटून तो गोलात गेला. चूक उघड उघड सिमोनची होती, नोंद मात्र पेद्रीच्या नावावर स्वयंगोल अशी झाली. या मुलाला तेव्हा अठरा पूर्ण होऊन जेमतेम सात महिने झाले होते.

एवढ्या मोठ्या स्पर्धेत असं काही घडलं की पोरसवदा खेळाडू पुढचा अर्धा तास चेंडूपासून जरा लांबच राहतो. आडवे, सुरक्षित पास देतो, जबाबदारी दुसऱ्यावर ढकलतो. पेद्रीनं तसं काही केलं नाही. तो पूर्ण १२० मिनिटं मैदानात राहिला. स्पेननं तो सामना जादा वेळेत ५-३ असा जिंकला आणि त्या अख्ख्या स्पर्धेत स्पेनच्या वाट्याला आलेल्या ६३० मिनिटांपैकी पेद्री फक्त एक मिनिट बाहेर बसला.

कौतुक वाटावं असाच हा आकडा आहे. त्याच आकड्यानं पुढे त्याला छळलं, हेही खरं.

पेद्रो गोन्झालेझ लोपेझ हे त्याचं पूर्ण नाव. जन्म २५ नोव्हेंबर २००२चा, तेनेरिफे बेटावरच्या तेगेस्ते या छोट्या गावचा. तेनेरिफे हे कॅनरी बेटांपैकी एक. नकाशात पाहिलं तर ही बेटं आफ्रिकेच्या किनाऱ्याला खेटून आहेत आणि स्पेनची मुख्य भूमी तिथून हजार किलोमीटरच्या पलीकडे. गावात पेद्रीच्या घरच्यांची खाणावळ. आजोबा बार्सिलोनाचे कट्टर चाहते. गावातलं बार्सिलोना-समर्थकांचं मंडळ त्यांनीच सुरू केलेलं. स्पेनमध्ये अशा मंडळांना बऱ्यापैकी मान असतो. सामन्याच्या दिवशी सगळे एकत्र जमतात, जेवतात, वाद घालतात. म्हणजे बार्सिलोनाचा खेळ या मुलाला कुठल्या प्रशिक्षण केंद्रात शिकवला गेला नाही, तो घरातच बसून, जेवणाच्या टेबलावर पाहून आला. आदर्श कोण, तर आंद्रेस इनिएस्टा.

कॅनरी बेटांनी स्पेनला एका विशिष्ट जातीचे मिडफिल्डर दिले आहेत. हुआन कार्लोस व्हालेरॉन आणि डेव्हिड सिल्व्हा हे दोघंही ग्रान कनारिया बेटावरच्या आर्गिनेगिन या एकाच वस्तीतले. दोघंही अंगानं बारीक, पळण्यात फार तेज नाहीत, पण चेंडू पायात आला की आजूबाजूचे सगळे घाईत आणि हे एकटे निवांत, असं वाटायला लावणारे. पेद्री थेट याच पंक्तीतला. असं का होतं, याची बरीच रोमँटिक स्पष्टीकरणं दिली जातात. समुद्र, हवामान, बेटावरचं संथ जगणं वगैरे. माझा त्यांवर फारसा विश्वास नाही. पोरांनी जे जवळून पाहिलं ते त्यांनी उचललं, एवढं कारण मला पुरतं.

मोठ्या क्लबांच्या जाळ्यात तो लवकर सापडला नाही. २०१८ मध्ये रेयाल माद्रिदनं त्याला चाचणीसाठी बोलावलं होतं. त्याच दिवसांत माद्रिदमध्ये बर्फ पडला, सरावाचा बोजवारा उडाला आणि आमच्या दर्जाला तो उतरत नाही असं सांगून त्याला परत पाठवण्यात आलं. त्याच्याहून थोड्या मोठ्या पिढीचा प्रवास वेगळा होता. ऑक्टोबर २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, तेव्हा नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये स्पेननं उपांत्य सामन्यात मालीला ३-१ असं हरवलं. त्यात आबेल रुइझनं दोन आणि फेरान टोरेसनं एक गोल केला. हे दोघंही नामवंत क्लबांच्या प्रशिक्षण केंद्रांत मुरलेले. त्याच सुमारास पेद्री तेनेरिफेवर हुवेंतुद लागुना या स्थानिक संघाकडून खेळत होता. नेरूळच्या त्या स्टेडियममध्ये जाऊन सामना पाहिलेल्यांना टोरेस आठवत असेल. चार वर्षांनी कोपनहेगनच्या त्या सामन्यात तो आणि पेद्री एकाच संघात होते.

शेवटी त्याला हेरलं ते लास पाल्मासनं. हा क्लब शेजारच्या ग्रान कनारिया बेटावरचा, म्हणजे तेनेरिफेचा पिढीजात प्रतिस्पर्धी. मुलगा तिकडे गेला आणि जुलै २०१९ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्यानं पहिल्या व्यावसायिक करारावर सही केली. प्रशिक्षक पेपे मेल यांनी त्याला लगेच मुख्य संघात घेतलं. १८ ऑगस्टला उएस्काविरुद्ध पदार्पण, १९ सप्टेंबरला स्पोर्टिंग गिहोनविरुद्ध पहिला गोल. क्लबच्या इतिहासात इतक्या लहान वयात कोणी गोल केला नव्हता. त्या मोसमात दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये तो ३६ सामने खेळला. मधेच ब्राझीलमध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकही खेळून आला.

स्पेनची दुसरी श्रेणी ही मिडफिल्डरची खरी शाळा आहे, असं मला नेहमी वाटतं. तिथे बचावपटू तिशी ओलांडलेले, धटिंगण, कुठे धक्का मारला तर पंचाला दिसणार नाही हे पक्कं ठाऊक असलेले. मैदानं सगळी सारखी नसतात. आणि लास पाल्माससाठी तेनेरिफेचा सामना सोडला तर प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरचा जवळपास प्रत्येक सामना म्हणजे समुद्रावरून विमानप्रवास. तरुणांच्या स्पर्धेत चेंडू हुकला तर प्रशिक्षक ओरडतात. इथे चेंडू हुकला तर संघाचे गुण जातात आणि त्यावर लोकांचं पोट असतं. सोळाव्या वर्षी हे अंगवळणी पडलेला मुलगा पुढे बार्सिलोनाच्या कॅम्प नोउ स्टेडियमला बुजला नाही, यात नवल नाही.

गंमत म्हणजे लास पाल्माससाठी पहिला गोल करण्याआधीच तो बार्सिलोनाचा झाला होता. २ सप्टेंबर २०१९ रोजी करार झाला: पन्नास लाख युरो ठरलेली रक्कम, त्यावर तो किती खेळतो त्यानुसार वाढत जाणाऱ्या रकमा, आणि पुढच्या वर्षी १ जुलैला हस्तांतरण. मोठ्या क्लबांचं हे धोरण असतं. पोर स्वस्तात मिळत असताना घेऊन ठेवायचं, मग एखाद-दोन मोसम दुसऱ्या संघाला उसनं द्यायचं आणि पिकलं तर परत आणायचं. पेद्रीचंही तेच होणार असं सगळे धरून चालले होते.

पण तो २०२०चा उन्हाळा होता. बायर्न म्युनिककडून ८-२ असा मार खाल्लेला बार्सिलोना, क्लब सोडून जायचं म्हणणारा मेस्सी, रिकामी तिजोरी. नवे प्रशिक्षक रोनाल्ड कोमन यांनी सराव सामन्यांत या मुलाला पाहिलं आणि ठेवून घेतलं. २७ सप्टेंबरला व्हियारेयालविरुद्ध बदली खेळाडू म्हणून पदार्पण, ऑक्टोबरात चॅम्पियन्स लीगमध्ये फेरेन्त्सवारोसविरुद्ध गोल, आणि त्याच आठवड्यात रेयाल माद्रिदविरुद्ध थेट पहिल्या अकरांत. हे सगळं रिकाम्या स्टेडियममध्ये. कोविडमुळे प्रेक्षकांना बंदी होती. जवळपास लाखभर खुर्च्या आणि त्यांवर कोणी नाही. प्रेक्षकांच्या दडपणाशिवाय रुळायला मिळालं हे त्याच्या पथ्यावर पडलं, असं म्हणता येईल. पण रुळायला मिळालं म्हणजे उसंत मिळाली असं नव्हे.

त्या मोसमातला एक क्षण सांगतो. ६ जानेवारी २०२१, बिल्बाओचं सान मामेस मैदान. अ‍ॅथलेटिकनं तिसऱ्याच मिनिटाला गोल केलेला, पेद्रीनं हेडर मारून बरोबरी साधलेली. मग ३८व्या मिनिटाला गोलासमोरच्या दाटीत चेंडू पेद्रीकडे आला. अंगावर बचावपटू, पाठीमागे मेस्सी. पेद्रीनं मान न वळवता टाचेनं चेंडू मागे सरकवला, तो थेट मेस्सीच्या पुढ्यात. गोल. मेस्सी तिथे आहे हे त्याला चेंडू येण्याआधीच माहीत होतं.

मिडफिल्डरच्या खेळाचं मर्म इथे आहे, म्हणून जरा थांबू. कडेनं धावणाऱ्या खेळाडूच्या एका बाजूला सीमारेषा असते. त्या दिशेनं कोणी येत नाही. शेवटच्या बचावपटूच्या पाठीमागे फक्त आपला गोलरक्षक. मधल्या फळीतल्या खेळाडूला मात्र चारही बाजूंनी माणसं असतात. पंधरा मीटरवरून आलेला जोरकस पास साधारण एका सेकंदात पायाशी पोहोचतो. चेंडू आल्यावर मान वर करून बघायचं ठरवलं, तर तोवर कोणीतरी अंगावर आलेला असतो. तेव्हा बघायचं ते आधीच: चेंडू दुसऱ्याकडे असताना खांद्यावरून मागे एक नजर, परत चेंडूकडे, पुन्हा दुसऱ्या खांद्यावरून. नॉर्वेचे क्रीडामानसशास्त्रज्ञ गेइर योर्देत यांनी याच मान वळवण्याचा अनेक वर्षं अभ्यास केला. इंग्लिश प्रीमियर लीगमधल्या मिडफिल्डरांच्या चित्रफिती तपासून त्यांनी दाखवलं, की पास येण्याआधी जे जास्त वेळा आजूबाजूला पाहतात, त्यांचे पुढच्या दिशेचे पास जास्त वेळा बिनचूक जातात.

पाहून झालं की शरीराची ठेवण. पेद्री पास घेताना क्वचितच चेंडूला थेट तोंड देऊन उभा असतो. तो अर्धा वळलेला असतो, एक खांदा आपल्या गोलाकडे, दुसरा समोरच्या गोलाकडे. त्यामुळे चेंडू लांबच्या पायावर घेतला की त्याच हालचालीत तो पुढे तोंड करून मोकळा. आणि तिसरी गोष्ट थांबण्याची. चेंडू पायात असताना तो अर्धा क्षण काहीच करत नाही. बचावपटूला वाटतं आता घेऊ, तो पाऊल टाकतो, आणि त्यानं सोडलेल्या जागेतून पास निघून जातो. यात ताकद लागत नाही, अफाट वेगही लागत नाही. म्हणून तर एखादा अठरा वर्षांचा मुलगा ही कला तिशीतल्या माणसाइतकी उत्तम करू शकतो. अठरा वर्षांचा सेंटर-बॅक तिशीतल्या स्ट्रायकरशी धक्काबुक्कीत टिकणं अवघड. मिडफिल्डर टिकतो, कारण तो धक्का बसण्याआधीच निघून गेलेला असतो.

६ जुलै २०२१ला वेम्बलीवर युरोचा उपांत्य सामना झाला, स्पेन विरुद्ध इटली. इटलीच्या मधल्या फळीत जोर्जिन्हो, वेराट्टी, बारेला. त्या तिघांच्या मधल्या फटींमध्ये हा पोरगा १२० मिनिटं फिरत होता. त्यानं ६६ पास दिले, त्यातले ६५ बिनचूक. निर्धारित ९० मिनिटांत एकही चुकला नाही. स्पेन पेनल्टीवर हरला, पण प्रशिक्षक लुइस एन्रिके सामन्यानंतर म्हणाले ते असं, की या वयात असं खेळताना त्यांनी कोणालाच पाहिलं नाही, इनिएस्टालाही नाही. स्पर्धेतला सर्वोत्तम युवा खेळाडू अर्थातच पेद्री ठरला. वर्षअखेरीस ‘गोल्डन बॉय’ आणि कोपा करंडक हे तरुण खेळाडूंसाठीचे दोन्ही मोठे मान त्याच्याकडे आले.

इनिएस्टाशी तुलना निघालीच आहे तर ती पुरती करू. इनिएस्टानं बार्सिलोनाच्या मुख्य संघातून पदार्पण केलं तेही अठराव्या वर्षीच, २००२ मध्ये. पण त्या मोसमात तो बहुतेक काळ क्लबच्या दुय्यम संघाकडूनच खेळला आणि मुख्य संघात हक्काची जागा मिळवायला त्याला आणखी काही वर्षं लागली. तेव्हा कोणी त्याला राखून ठेवायचं म्हणून ठेवलं नव्हतं. संघात जागाच नव्हती. ती वाट पाहणं त्याच्या शरीराला मानवलं असावं, असा माझा कयास आहे. पेद्रीला वाट पाहावी लागली नाही.

युरोचा उपांत्य सामना झाल्यावर सोळा दिवसांनी, २२ जुलैला, तो जपानमध्ये इजिप्तविरुद्ध ऑलिंपिकचा पहिला सामना खेळत होता. महासाथीमुळे युरो आणि ऑलिंपिक या दोन्ही स्पर्धा एका वर्षानं पुढे गेल्या आणि एकाच उन्हाळ्यात आल्या. फिफाच्या नियमानुसार ऑलिंपिकसाठी खेळाडू सोडणं क्लबवर बंधनकारक नाही, पण स्पेनचा कायदा देशाच्या संघाच्या बाजूनं आहे. बार्सिलोनानं कुरकुर केली, कोमन यांनी हे अति होतंय असं जाहीर सांगितलं. उपयोग झाला नाही. युरो खेळलेले सहा जण ऑलिंपिकला गेले. ७ ऑगस्टला योकोहामात ब्राझीलविरुद्धचा अंतिम सामना जादा वेळेत गेला, स्पेन २-१ असा हरला. गळ्यात रौप्यपदक घालून पेद्री परतला आणि आठवड्याभरात ला लिगा सुरू झाली, तेव्हा पुन्हा मैदानात.

क्लब, राष्ट्रीय संघ, २१ वर्षांखालील संघ आणि ऑलिंपिक मिळून त्या एका हंगामात त्याचे ७३ सामने झाले. खेळाडूंची जागतिक संघटना फिफप्रो गेली काही वर्षं सामन्यांच्या ओझ्यावर अहवाल काढते. त्यात पेद्रीचा हा आकडा उदाहरण म्हणून दिला गेला.

कोणालाच हे दिसलं नाही का? मला वाटतं, त्याच्या खेळाच्या जातीनंच सगळ्यांना फसवलं. जो खेळाडू ऊर फुटेस्तोवर धावतो तो सत्तराव्या मिनिटाला वाकून गुडघ्यांवर हात टेकतो आणि प्रशिक्षक त्याला बाहेर घेतात. पेद्रीसारख्याचे कष्ट दिसतच नाहीत. तो दमलेला असतो तेव्हाही पास नेमका जातो, कारण पास डोक्यातून येतो. आणि सामना अडचणीत असताना जो चेंडू हमखास राखतो, त्याला बाहेर काढायची छाती कुठल्या प्रशिक्षकाची होणार? महासाथीत पाच बदली खेळाडूंची मुभा आली ती खेळाडूंना आराम मिळावा म्हणून. त्या मुभेचा फायदा संघातल्या मधल्या दर्जाच्या खेळाडूंना झाला. ज्याला सर्वाधिक गरज होती तो मैदानावरच राहिला.

शरीर आपला हिशेब वेगळा ठेवतं. १४ सप्टेंबर २०२१ला बायर्नविरुद्धच्या सामन्यानंतर पेद्रीच्या डाव्या मांडीचा पुढचा स्नायू दुखावल्याचं निष्पन्न झालं. परतला, पुन्हा दुखावला, वर्षाचा उरलेला बहुतेक भाग गेला. नवीन वर्षात प्रशिक्षक झावीच्या हाताखाली त्याचा खेळ पुन्हा बहरला, तोच १४ एप्रिल २०२२ला फ्रँकफर्टविरुद्ध मांडीचा मागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग, गेला. मागच्या मोसमात क्लबसाठी ५२ सामने खेळलेला पेद्री या मोसमात २२ खेळला. पुढे फेब्रुवारी २०२३, ऑगस्ट २०२३, मार्च २०२४: दर वेळी मांडी.

हॅमस्ट्रिंग हा एक स्नायू नव्हे, तीन स्नायूंचा जुडगा आहे. तो बैठकीच्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खाली जोडलेला असतो, म्हणजे एकाच वेळी दोन सांधे सांभाळतो. वेगानं धावताना पाय पुढे फेकला जातो, गुडघा सरळ होऊ लागतो, तेव्हा हा जुडगा ताणला जात असतो आणि त्याच क्षणी त्याला पुढे झेपावणाऱ्या पोटरीला आवरायचंही असतं. लांबायचंही आणि रोखायचंही. खंडाळ्याचा घाट उतरताना गाडी पुढे जातच असते आणि ब्रेकही दाबलेला असतो, तसं. असे ब्रेक तापतात. एका सामन्यानंतर या स्नायूची पूर्ण ताकद परत यायला साधारण तीन दिवस, कधी अधिकही लागतात. दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सामना असेल तर तो कायम थोडा कमी ताकदीचाच मैदानात उतरतो. त्यात विशीच्या आतल्या मुलांच्या बाबतीत स्नायू झपाट्यानं बळकट होतात, पण त्यांना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा मागाहून पक्क्या होतात. आणि एकदा फाटलेला स्नायू जोडला गेला तरी पुन्हा तिथेच दुखावण्याची शक्यता वाढते. जुनी दुखापत हा नव्या दुखापतीचा सर्वात मोठा इशारा समजला जातो.

हे एकट्या पेद्रीचं दुखणं नाही. यान एक्स्ट्रँड यांच्या नेतृत्वाखाली युएफा युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या दुखापतींची नोंद २००१ पासून ठेवते. त्या नोंदींनुसार २००१-०२ मध्ये एकूण दुखापतींत हॅमस्ट्रिंगचा वाटा १२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये २४ टक्के झाला. वीस वर्षांत बूट सुधारले, हिरवळ सुधारली, डॉक्टर वाढले, आणि हे प्रमाण दुप्पट झालं. खेळाचा वेग आणि सामन्यांची गर्दी ही दोन कारणं सगळ्यात आधी सांगितली जातात. बार्सिलोनातच बघा. पेद्रीपेक्षा पंचवीस दिवसांनी मोठा अन्सू फाती नोव्हेंबर २०२०मध्ये गुडघ्याला जायबंदी झाला तो पूर्वीसारखा परतलाच नाही. तिथलाच गावी हा तरुण खेळाडू नोव्हेंबर २०२३ मध्ये स्पेनकडून खेळताना गुडघ्याचा लिगामेंट तोडून बसला. दुखापती वेगळ्या, पण तिन्ही मुलं एकाच घाईत वाढवलेली.

पेद्रीच्या वाट्याला मग एक अपघातही आला. ५ जुलै २०२४, श्टुटगार्ट, युरोचा उपांत्यपूर्व सामना. सुरुवातीच्याच मिनिटांत जर्मनीच्या टोनी क्रूसच्या धक्क्यानं त्याचा गुडघा दुखावला आणि आठव्या मिनिटाला तो बाहेर गेला. त्याच्या जागी आलेल्या दानी ओल्मोनं त्याच सामन्यात गोल केला, पुढे स्पेन विजेता झाला. पेद्रीनं ते बाकावरून पाहिलं.

त्यानंतरच्या मोसमात बार्सिलोनात हान्सी फ्लिक आले आणि त्यांच्याबरोबर तंदुरुस्तीचे प्रशिक्षक हुलियो तूस. पूर्वी स्नायू जपायचा म्हणजे विश्रांती द्यायची, असा सरळ हिशेब होता. तूस यांचा भर स्नायू ताणलेल्या अवस्थेत वजन पेलण्याच्या व्यायामावर, म्हणजे धावताना हॅमस्ट्रिंगला जे काम पडतं तेच जिममध्ये वाढत्या भारानं करून घेण्यावर. जोडीला पेद्रीनंही आहार, झोप, फिजिओ या गोष्टी मनावर घेतल्या. २०२४-२५ मध्ये तो ५९ सामने खेळला, बार्सिलोनानं लीग आणि कोपा देल रे दोन्ही जिंकले. फ्लिक त्याला आता थोडं मागे, बचावफळीच्या पुढ्यात खेळवू लागले. तिथून त्याला मैदान समोर दिसतं, आणि लांब पल्ल्याच्या फुकाच्या धावा कमी होतात. आठ नंबरची जर्सी तर २०२२ पासूनच त्याच्याकडे आहे, इनिएस्टाची.

२६ ऑक्टोबर २०२५ला माद्रिदच्या बर्नबेउवर बार्सिलोना २-१ असा हरला. भरपाईच्या वेळेत पेद्रीला दुसरं पिवळं कार्ड मिळालं, लाल दाखवून बाहेर काढलं गेलं. दुसऱ्या दिवशी तपासणीत डाव्या पायाचा हॅमस्ट्रिंग फाटल्याचं आढळलं. या वेळी तो साधारण महिन्याभरानं परतला, बदली खेळाडू म्हणून, थोड्या मिनिटांसाठी. नुकतीच त्याला तेवीस वर्षं पूर्ण झाली होती.